एक जागा धर आणि तिथेच परत जा

बेटा,

तुझा मेसेज सकाळी वाचला, दुपारी कूलरसमोर बसून परत वाचला, आणि फोनवर दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं काही वाटेना म्हणून हे मोठं लिहायला घेतलं. तू लिहिलंयस की परीक्षा संपल्यापासून गिटार झाली, स्केचबुक झालं, रविवारची सायकल आणि त्यानंतरचे तर्री पोहे झाले, मित्रांबरोबर रामटेक-खिंडसी झालं, चिखलदरा झालं, पेंचची सफारी झाली, आणि आता मे संपत आला तर हातात काय, फोनमधले फोटो. आणि शेवटी लिहिलंस, "मला बहुतेक कशातच तेवढं वाटत नाही." हे वाक्य मला लागलं. वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही. ज्याला कशातच काही वाटत नाही तो रात्री दोन वाजता जागून एवढं लिहीत बसत नाही.

तू हुशार आहेस, होईल सगळं नीट, हे मी लिहिणार नाहीये, ते सांगायला तुझी आई आहे. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच तीच सांगणार आहे. एक जागा धर. तिथेच परत जा.

आपला छंद कोणता हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. तू एकेक गोष्ट आठवडाभर करतोस आणि मग स्वतःला विचारतोस, आवडलं का? अरे आठवडाभरात फक्त नवेपणा आवडतो. नवेपणा ओसरला की तुला वाटतं आवडच संपली, आणि जिथून खरं काही दिसायला लागणार असतं नेमका तिथून तू उठून जातोस. गिटारचंही तेच केलंस, एक गाणं धड हातात बसायच्या आधी दुसरं.

आता ऐक. आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या मागच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी हटलं की मुरमाड जमीन उघडी पडते. हिवाळ्यात तिथे मोठ्या लेन्सवाल्यांची गर्दी असते, बाहेरून आलेली बदकं असतात ना, ती एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातात आणि लेन्सवालेही जातात. राहते ती टिटवी. टिटवीचा फोटो काढायला कोणी मुद्दाम उठत नाही, ती सगळ्यांनी पाहिलेली असते, माणूस दिसला की ओरडते एवढंच माहीत असतं. मलाही पहिल्या दिवशी तेवढंच दिसलं. दुसऱ्या दिवशी ती तिथेच ओरडली. मग लक्षात आलं की एका दगडापलीकडे गेलं की तिचं ओरडणं वाढतं आणि अलीकडे आलं की कमी होतं, म्हणून लांब झुडपाआड बसून राहिले, तर ती हळूच चालत येऊन एका ठिकाणी बसली आणि मला दुर्बिणीतून अंडी दिसली. चार. टोकं आत वळवलेली, मातकट, वर काळपट ठिपके, घरटं म्हणावं असं काहीच नाही, उथळ खळगा आणि भोवती खडे. पायाखाली आली असती तरी कळलं नसतं.

पण मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे. एकदा उशीर झाला, नऊ वाजून गेले, ऊन चटचट लागत होतं. टिटवी उठली, पाण्यापाशी गेली, पोट पाण्यात टेकवून जरा वेळ थांबली, आणि भिजलेल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं परत तेच. आपण शाळेत शिकतो की पक्षी अंड्यांना ऊब द्यायला बसतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, ती अंडी भाजून जाऊ नयेत म्हणून बसते, स्वतःची सावली देते आणि पोटाची पिसं भिजवून आणते. हे मला पेंचच्या जिप्सीतून दिसलं नसतं. दिसलं कारण आदल्या दिवशी मी तिथेच होते आणि त्याच्या आदल्या दिवशीही तिथेच. (आणि हो, तुला अशी अंडी सापडली तर जवळ जायचं नाही, मोबाईल घेऊन तर नाहीच. कावळे आणि कुत्री आपण कुठे थांबतो ते बघत असतात.)

तू म्हणशील करिअरचं काय, मित्र इंटर्नशिप करतायत. पक्षीतज्ज्ञ सालीम अली बर्लिनहून पक्षीशास्त्र शिकून १९३० मध्ये परत आले तेव्हा त्यांच्याकडे नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि घराजवळच्या झाडावरच्या सुगरण पक्ष्यांकडे बघत बसले, पावसाळाभर तेच झाड. त्यातून त्यांनी टिपलं की नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. झाड घराजवळचंच, पक्षी सगळ्यांना माहीत असलेला. एका जागी टिकून राहिलेला माणूस तेवढा वेगळा होता. तू सालीम अली हो असं मी म्हणत नाहीये, ते ओझं नको घेऊस, मी फक्त एवढं म्हणतेय की नोकरी नसलेल्या काळात ते दहा ठिकाणी पळाले नाहीत.

जागा म्हणजे तलावच पाहिजे असं कुठे आहे? तुमची गच्ची चालेल. उद्या २५ मे, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू, आणि परवा २६ ला दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास नागपुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. त्या दिवशी सगळे व्हिडिओ काढतात आणि संपलं. तू आजपासून रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी बाटली ठेव आणि सावलीच्या टोकाला खडूनं खूण कर. आत्तापर्यंत भर दुपारची सावली उत्तरेला पडत होती, २६ नंतर ती दक्षिणेला पडायला लागेल आणि जुलैच्या मध्यापर्यंत तशीच राहील, अर्थात ढग येऊ देतील तेवढेच दिवस. एक दिवस बघणाऱ्याला गंमत दिसते, रोज बघणाऱ्याला सूर्य सरकताना दिसतो. डोक्याला दुपट्टा बांधून जा, पन्हं पिऊन जा, आणि खूण करून लगेच खाली ये.

मी एवढी हट्टानं का बोलते तेही सांगते. माझ्या आईचं माहेर गडचिरोलीकडचं. लहानपणी मार्च-एप्रिलात तिकडे गेलो की पहाटे अंधारात आई आणि मामी टोपल्या घेऊन मोहाखाली जायच्या, फुलं रात्रीतून आणि पहाटेच गळतात, सगळीकडे तो गोड उग्र वास. मला उठवायच्या, मी नाही उठायचे. आईला कोणतं झाड आधी गळतं, कोणाची फुलं जास्त भरलेली असतात, कोणतं एका वर्षाआड येतं, सगळं तोंडपाठ होतं, कारण ती जन्मभर त्याच झाडांखाली गेली होती. आता विचारायला ती नाही. मी कितीही पुस्तकं आणली तरी त्या चार झाडांबद्दल कुठल्याच पुस्तकात काही लिहिलेलं नाही रे.

घरचे मला म्हणतात तू जग कुठे पाहिलंस. बहीण युरोप करून आली, लडाख करून आली, दरवेळी मला चल म्हणाली. मी एप्रिल-मेमध्ये नागपूर सोडत नाही यावरून आमच्याकडे भांडणं झालीत, अबोले झालेत. पैसे नव्हते असं नाही, तब्येत बरी नव्हती असंही नाही. मला जायचं नव्हतं. लोक उन्हाळ्यात गावातून पळतात आणि नेमकं तेव्हाच सेमिनरी हिल्सवर राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते, आणि नर दिवसभर वडा-पिंपळाची फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. मी मनालीला असते तर हे कोणी बघितलं असतं? तुला वाटेल मी स्वतःचंच समर्थन करतेय. करतेय. मला ते आजही पूर्ण पटतं.

आणि हे नुसतं पक्ष्यांपुरतं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडला आणि रात्रीतून वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की तलावाचं पाणी कुठून कुठे जातं. काठाकाठानं रोज फिरणाऱ्यांना सांडवा कुठे आणि पुढे नाग नदी किती अरुंद झालीय हे आधीच ठाऊक होतं.

चिखलदरा सुंदरच आहे, जा की, मी कुठे नको म्हणतेय. पण तिथे तू पाहुणा आहेस, परत परत गेल्याशिवाय जागा आपली होत नाही, आणि चिखलदऱ्याला तू रोज जाऊ शकत नाहीस. म्हणून घरापासून सायकलनं वीस मिनिटांच्या आतली जागा निवड. साडेपाचला निघ, आठच्या आत घरी. फोन खिशातच राहू दे, एक वही ने, तारीख, वेळ, काय दिसलं आणि काल होतं ते आज काय दिसलं नाही, एवढंच लिही. चित्र काढावंसं वाटलं तर काढ, स्केचबुक तेवढ्यासाठीच घेतलं होतंस ना. कंटाळा येईल, अगदी पहिल्या आठवड्यातच येईल, त्या दिवशी मला मेसेज करायचा नाही, उठून जायचं.

पाऊस पडेपर्यंत ही जागा बदलायची नाही एवढं वचन दे. कुठली निवडलीस ते रविवारपर्यंत कळव, नुसतं नाव, फोटो पाठवू नकोस. नाही कळवलंस तर सोमवारी सकाळी पाच वाजता मी फोन करणार आहे.

तुझी काकू