घराखालच्या छोट्या गॅरेजसाठी कोणता एअर कॉम्प्रेसर घ्यावा?

आपल्याला घराच्या तळमजल्यावर दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज सुरू करायचे आहे. टायरमध्ये हवा भरणे, कार्बोरेटर आणि एअर फिल्टर साफ करणे, घट्ट बसलेले नट खोलणे यांसाठी हवा लागेल, शिवाय सवडीने घरचे लोखंडी गेट आणि कपाटे स्प्रेने रंगवायची आहेत. दुकानदार ‘२ एचपी, २४ लिटर, १५० पीएसआय’ असे सांगून एक यंत्र पुढे करतो आहे, तर ते घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. मी चिपळूणला फर्निचरचे वर्कशॉप चालवतो आणि आजवर तीन कॉम्प्रेसर वापरले आहेत, त्यातला एक चुकीचा होता. त्या अनुभवावरून लिहितो.

दुकानदाराने सांगितलेल्या तीन आकड्यांमध्ये आपल्या कामाचा आकडाच आलेला नाही. यंत्र भरल्या दाबाखाली मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देते, हा तो आकडा. त्याला एफएडी म्हणतात आणि तो सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट या हिशेबात सांगतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. माहितीपत्रकावर मात्र बहुतेक वेळा पिस्टनचे डिस्प्लेसमेंट छापलेले असते आणि (म्हणजे पिस्टन मिनिटाला जेवढी जागा व्यापतो ते माप) छोट्या यंत्रांत हाती येणारी हवा त्याच्या साधारण ६० ते ७० टक्केच भरते. दाबाचे म्हणाल, तर दुचाकीच्या टायरला २५ ते ३६ पीएसआय लागतात आणि हवेवर चालणारी बहुतेक अवजारे ९० पीएसआयवर, म्हणजे सहा बारच्या (बार हेही दाबाचेच माप) किंचित वर, चालतात. त्यामुळे आठ बारचे कोणतेही यंत्र आपल्याला दाबाच्या बाबतीत पुरेसे आहे आणि १५० या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरी हवा किती, हे दुकानातच घड्याळ लावून तपासता येते. यंत्र आठ बारला आपोआप बंद होऊ द्यावे, मग हवा सोडून काटा सहावर आणावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि सहावरून आठवर जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दाब दोन बारने वाढला, म्हणून टाकीचे लिटर गुणिले दोन, इतकी हवा त्या वेळात भरली गेली. उदाहरणार्थ, ५० लिटरच्या टाकीत १०० लिटर हवा ५० सेकंदांत भरली, तर यंत्र मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सव्वाचार सीएफएमच्या आसपास देते. ढोबळमानाने एका खऱ्या एचपीमागे तीन ते चार सीएफएम मिळतात. ‘२ एचपी’ लिहिलेले यंत्र या चाचणीत तीनच सीएफएम देत असेल, तर तो एचपी फक्त कागदावर आहे, असे समजावे. याच वेळी आणखी एक गोष्ट कानाने तपासावी. यंत्र बंद होताना प्रेशर स्विचजवळून (दाब पुरेसा झाला की मोटर बंद करणारे बटण) ‘फुस्स’ असा छोटा आवाज आला पाहिजे, कारण त्या वेळी पंपाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, अडकलेली हवा बाहेर सोडली जाते. ती सुटली नाही, तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होऊ पाहते, नुसतीच घुमते आणि शेवटी वाइंडिंग जळते.

आता हे आकडे आपल्या कामाला लावून पाहू. मोटरसायकलच्या रिकाम्या टायरला अंदाजे २० लिटर हवा पुरते, त्यामुळे केवळ हवा भरण्यासाठी कोणतेही छोटे यंत्र चालेल. नट खोलणाऱ्या इम्पॅक्ट रेंचला हवा बरीच लागते, पण दुचाकीवर ती काही सेकंदच चालते आणि मधल्या वेळेत टाकी भरून निघते. हवेचा झोत मारून साफ करायची ब्लो गन मात्र फसवी आहे. दोन मिलिमीटर छिद्राची गन सहा बारवर सतत दाबून धरली, तर ती मिनिटाला २५० लिटरहून अधिक हवा खाते, म्हणून फिल्टर साफ करताना ती थांबत थांबत दाबण्याची सवय कारागिराला पहिल्या दिवसापासून लावावी.

सगळ्यात मोठा प्रश्न स्प्रेचा आहे आणि माझी चूक तिथेच झाली होती. पहिले यंत्र मी २५ लिटरचे, मोटरला थेट जोडलेले घेतले. सहा ते आठ बारच्या दरम्यान त्या टाकीत वापरण्याजोगी हवा ५० लिटर आणि माझ्या गनची भूक मिनिटाला १७० लिटरच्या आसपास, म्हणजे टाकीतला साठा जेमतेम अठरा सेकंदांचा. ऐन जुलैत एका दाराला पॉलिश मारायला घेतले, तेव्हा मोटर एकदा सुरू झाली ती थांबलीच नाही, दाब घसरत गेला, गनमधून बारीक फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागले आणि दहा-बारा मिनिटांनी ओव्हरलोड ट्रिप होऊन सगळेच थांबले. अर्धे दार गुळगुळीत आणि अर्धे संत्र्याच्या सालीसारखे झाले. ते सगळे घासून पुन्हा करावे लागले. मोठी टाकी घेतली असती तर प्रश्न सुटला असता, असे पुष्कळ जण सांगतात, पण टाकी हवा तयार करत नाही. १०० लिटरच्या टाकीने तोच प्रसंग फक्त एक मिनिट पुढे ढकलला असता.

म्हणून आपल्यासाठी माझी निवड अशी राहील: पट्ट्यावर चालणारा, ऑइलचा, सिंगल फेजवरचा खऱ्या २ एचपीचा कॉम्प्रेसर, टाकी ८० ते १०० लिटर, आणि घड्याळाच्या चाचणीत किमान सहा सीएफएम. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) प्रकारच्या स्प्रे गनला यापेक्षा बरीच जास्त हवा लागते, त्यामुळे तिच्या नादी न लागता एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) प्रकारची, चार-पाच सीएफएमवर चालणारी गन घ्यावी. थेट जोडणीच्या यंत्रात पंप मोटरच्याच वेगाने, मिनिटाला सुमारे २८०० फेऱ्यांनी फिरतो, तर पट्ट्याच्या यंत्रात तो साधारण हजाराच्या आत राहतो, म्हणून आवाज आणि झीज दोन्ही कमी. वर घरात माणसे राहणार असल्याने हा मुद्दा मी किमतीपेक्षा वर ठेवीन. बिनऑइलची ‘सायलेंट’ यंत्रे खरोखर शांत असतात आणि फक्त घरगुती कामाला चांगली आहेत, पण दिवसभराच्या गॅरेजला मी ती सुचवणार नाही.

विजेसाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट घ्यावे आणि मोटरचे वाइंडिंग तांब्याचे आहे, हे बिलावर लिहून घ्यावे. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बारीक तारेचे लांब एक्स्टेन्शन लावले की व्होल्टेज पडते आणि मोटर तापते. काम लांब असेल, तर वायर लांबवण्याऐवजी हवेचा पाइप लांबवावा.

पाण्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते आणि हवा दाबून थंड झाली की त्यातले बहुतेक पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. रोज संध्याकाळी थोडा दाब शिल्लक असतानाच खालचा ड्रेन कॉक उघडावा. पहिले काही दिवस पाणी स्वच्छ येते, आणि ज्याने हे काम टाळले त्याच्या टाकीतून चहाच्या रंगाचे गंजपाणी येते. गंजलेली टाकी बाहेरून रंगवून विकली जाते, म्हणून जुने यंत्र घेणार असाल तर आधी तो कॉक उघडायला लावावा. विक्रेता तयार नसेल, तर तिथून निघावे. स्प्रेच्या लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर-रेग्युलेटर लागेलच, आणि तो यंत्राला चिकटून न बसवता काही फूट पाइपनंतर बसवावा, म्हणजे हवा थोडी थंड होऊन पाणी तिथे पकडले जाते.

भिंतीवरून हवेची लाइन न्यायची झाल्यास प्लंबर पीव्हीसी पाइप सुचवील, कारण तो स्वस्त पडतो आणि त्याच्याकडे तयार असतो. तो लावू नये. दाबाच्या हवेने पीव्हीसी फुटला, तर त्याचे काचेसारखे तुकडे उडतात. जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप किंवा हवेसाठीच बनवलेला रबरी पाइप वापरावा.