वाचकांचे प्रश्न : दिवाळी ते होळी उभी राहणारी गाडी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी चोपडा तालुक्यात राहतो. दिवाळीनंतर पुण्यास मुलाकडे जातो आणि होळीच्या सुमारास परततो. तोवर आमची पेट्रोलवरची छोटी गाडी खळ्यातील पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. गेल्या वर्षी परतल्यावर चावी फिरवली, तर नुसता ‘खट खट’ आवाज आला आणि अखेर बॅटरी बदलावी लागली. बॅटरी थंडीने बसली, असे गॅरेजवाले म्हणतात. शेजारचा मुलगा दर आठवड्याला पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवण्यास तयार आहे. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरी जोडून ठेवावी, असेही एकाने सुचवले आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या बॅटरीच्या बाबतीत थंडीवर ठेवलेला ठपका बराचसा अन्यायाचा आहे. उणे १८ अंशांना बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते हे खरे. परंतु खानदेशात पौषातल्या पहाटेही पारा त्याच्या जवळपास जात नाही. उलट, नुसत्या पडून असलेल्या बॅटरीतील चार्ज थंड हवेत सावकाश उतरतो आणि उष्ण हवेत भराभर उतरतो. जळगाव-भुसावळकडचा एप्रिल-मे महिन्यांतील ४४-४५ अंशांचा उन्हाळा बॅटरीचे आयुष्य आतून खातो, आणि ही झीज थंडीच्या सकाळी इंजिनातील तेल घट्ट झाले असताना उघडकीस येते.

खरे कारण गाडीतच आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचे लॉक आणि इंजिनाचा संगणक थोडी थोडी वीज घेतच राहतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला सुमारे पाऊण अँपिअर-तास (बॅटरीतील चार्ज मोजण्याचे एकक) आणि महिन्याला एकवीस-बावीस अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे पहिल्याच महिन्यात निम्म्याहून अधिक चार्ज संपला आणि उरलेले तीन महिने ती जवळजवळ रिकामी पडून राहिली. अशा अवस्थेत शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, आणि ते एकदा पक्के झाले की नंतर कितीही चार्ज केले तरी मूळ क्षमता परत येत नाही.

तेव्हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय असा, की निघण्यापूर्वी बॅटरी दुकानातून पूर्ण चार्ज करून आणावी आणि गाडी उभी केल्यावर ऋण टोकाची, म्हणजे काळी तार पान्याने सोडवून ती टोकाला पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. लाल तारेला हात लावण्याची गरज नाही. तार सोडलेली चांगली बॅटरी या हवेत महिन्याला साधारण ३ ते ५ टक्केच उतरते, त्यामुळे होळीला आपल्याला ऐंशी टक्क्यांच्या आसपास चार्ज मिळावा. चार्जची खात्री मल्टिमीटरने होते : काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला उशीर करू नये. पाणी घालण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आपल्याकडच्या बोअरचे क्षार तिला सोसत नाहीत. तार सोडल्यावर घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, एवढाच त्रास.

शेजारच्या मुलाचे आभार मानावेत, पण पाच मिनिटांचा कार्यक्रम नको. मंद गतीवर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, फारशी भर घालत नाही, आणि इंजिन पुरते तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते. त्याला गाडी चालवता येत असेल आणि परवाना असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणणे उपयोगाचे. टायरांनाही ते बरे.

इन्व्हर्टरचा सल्ला अजिबात मानू नये. घरगुती इन्व्हर्टर साधारणतः १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी असतो आणि १० ते १५ अँपिअरने चार्ज करतो. आपल्या बॅटरीला तिच्या क्षमतेचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेतीन अँपिअर पुरेत. त्याहून गंमत अशी, की वीज गेली की गाडीची बॅटरीच रिकाम्या घरातला फ्रीज चालवू लागेल.

प्रश्न : माझी गाडी पुश-बटणाची आहे आणि तार सोडू नये असे सर्व्हिस सेंटरने सांगितले आहे. नंदुरबारला गाडी दोन महिने उभी राहणार आहे. सोलर प्लेट चालेल का?

उत्तर : शेडमध्ये विजेचा प्लग असेल तर बॅटरी भरताच स्वतःहून प्रवाह कमी करणारा स्वयंचलित चार्जर घ्यावा. मात्र भारनियमनानंतर वीज आली की तो आपणहून पुन्हा सुरू होतो का, हे दुकानातच प्लग काढून-लावून पाहावे; काहींचे बटण दर वेळी दाबावे लागते, आणि तसा चार्जर आपल्या कामाचा नाही. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळ कडबा किंवा कापूस नसावा आणि हवा खेळती असावी. प्लग नसेल तर १० वॅटची सोलर प्लेट कंट्रोलरसह (बॅटरी जादा चार्ज होऊ न देणाऱ्या उपकरणासह) शेडबाहेर उन्हात लावावी आणि तिची तार थेट बॅटरीपर्यंत न्यावी, कारण अनेक गाड्यांत सिगारेट लायटरचे सॉकेट इंजिनासोबतच बंद होते. काचेआड ठेवलेल्या प्लेटकडून फार अपेक्षा ठेवू नये.