मुलीच्या ‘तयारीच्या आकड्यावर’ कितपत विसंबावे?

आपली तेरा वर्षांची मुलगी दोरीचा मल्लखांब करते, प्रशिक्षक तिच्याकडून सरावाची, झोपेची आणि मनःस्थितीची रोज नोंद घेतात, आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवावा का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात संख्याशास्त्र शिकवतो आणि काही वर्षांपासून दांडिया बाजारातल्या काही मुलांच्या अशाच नोंदी ठेवतो. माझे मत असे, की हा आकडा तिच्याच मागच्या आठवड्यांशी ताडून पाहावा, दुसऱ्या मुलीशी कधीही नाही.

सराव किती जड गेला हे मुलाने ० ते १० मध्ये सांगायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे, हा क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेला ‘भार’. समजा, एका आठवड्यात सहा दिवस रोज ३५० भार आणि रविवारी विश्रांती, किंवा ६००, १५०, ६००, १५०, ४५०, १५० आणि विश्रांती. दोन्ही आठवड्यांची बेरीज २१००च. मात्र दैनिक सरासरीला प्रमाण विचलनाने, म्हणजे रोजचे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्या मापाने, भागले, की पहिल्याचा एकसुरीपणा सुमारे २.४ येतो, दुसऱ्याचा १.३. बेरीज सारखी असूनही मला काळजी वाटते ती पहिल्याची, कारण त्यात शरीराला हलका दिवस जवळजवळ मिळतच नाही.

क्रीडाशास्त्रज्ञ बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) प्रत्येक सराव क्षमता आणि थकवा दोन्ही वाढवतो. दोन्ही किती सावकाश ओसरतात ते ठरवणारे नेहमीचे स्थिरांक, म्हणजे क्षमतेसाठी ४२ आणि थकव्यासाठी ७ दिवस, घेतले तर आठवड्यानंतर थकवा ३७ टक्के उरतो, क्षमता ८५ टक्के. स्पर्धेपूर्वी सराव कमी करतात तो याच हिशेबाने. पण मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, आणि वाढत्या शरीराला प्रौढांचे स्थिरांक तसेच्या तसे लावणे मला मान्य नाही.

मनाचा रकाना याहून नाजूक आहे. एका ठिकाणी याच नोंदींवरून संघ निवडला जाऊ लागला, तेव्हा घरी रडणारा एक मुलगाही रोज ‘उत्तम’ लिहू लागला. सूत्र बरोबर होते, पण त्यात खरे काही पोहोचतच नव्हते. म्हणून ही नोंद निवडीसाठी वापरली जाते का, हे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा. वापरली जात असेल, तर मनःस्थितीचा रकाना वगळण्याची विनंती करा, आणि ते सारे मुलीशी घरीच, वहीपेनाशिवाय बोला.