सुट्टी येते आणि जाते. मित्र, जुनी गाणी आणि आठवणी यांचा आनंद रोजच्या धावपळीत कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की आठवडा कामात जातो, शनिवार-रविवार झोप आणि साचलेली कामं खाऊन टाकतात, मित्र भेटलेच तर अर्धा वेळ जो तो फोनमध्ये असतो. आणि शेवटी जाता जाता म्हटलंय की कॉलेजच्या दिवसांत भरलेल्या कॅसेटींचा एक खोका घरात पडून आहे. मला वाटतं तुमचं उत्तर त्या खोक्यातच आहे. महिन्यातला एक शनिवार ठरवा, त्या कॅसेटींमध्ये ज्यांचे आवाज आहेत अशा चार-पाच जणांना बोलवा आणि एकत्र बसून, ऐकत ऐकत, त्या संगणकावर उतरवून घ्या.

नुसतं "भेटू या एकदा" म्हटलं की भेट होत नाही. हातात काम असलं की होते. शिवाय कॅसेटचा एक गुण असा की ती घाई करू देत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू उतरवायला तीस मिनिटं लागतात म्हणजे लागतातच. तेवढा वेळ सगळे एकाच खोलीत, एकच आवाज ऐकत बसतात. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी पुढे आयुष्यभर जास्त ठळक आठवतात, आणि त्या वयातलं गाणं कानावर पडलं की त्याच्यासोबतची माणसंही डोळ्यांपुढे येतात. एकट्याने ऐकताना हे थोडं होतं. चौघे असले की एकाला खोली आठवते, दुसऱ्याला दिवस, तिसऱ्याला भांडण.

आता प्रत्यक्ष काम. ते मी सविस्तर लिहितो, कारण घाईत केलं तर त्याच संध्याकाळी फीत गुंतते आणि सगळ्यांचा विरस होतो.

सर्वांत मोलाची कॅसेट पहिल्यांदा लावू नका. जिचं काही झालं तरी चालेल अशी एखादी घेऊन टेपरेकॉर्डरची परीक्षा करा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्रातला रबरी पट्टा सैल झालेला असतो, कधी वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. पट्टा सैल असेल तर आवाज लहरतो, लांबलेला सूर वर-खाली डोलतो. गुंडाळणारी चकती नीट फिरत नसेल तर फीत पुढे सरकते पण गुंडाळली जात नाही आणि आत तिचा गुंता होतो. पट्टा बदलणं अवघड काम नाही, मात्र नवा पट्टा जुन्याच मापाचा हवा. जास्त ताणाचा घातला तर मोटरवर भार येतो.

मग सफाई. हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आणि त्याच्या शेजारची बारीक पोलादी दांडी, म्हणजे कॅपस्टन, ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने कानकाडीवर घेऊन पुसा. काडी तपकिरी निघते, कारण फितीवरचा चुंबकी थर झिजून तिथे साठतो. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. रबरी चाकाला, म्हणजे पिंच रोलरला, अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कोरडं पडून तडकतं. त्याला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. सगळं पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका.

कॅसेट हातात घेऊन उजेडात बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट बाजूला ठेवा, यंत्रात घातली तर बुरशी हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. फितीच्या मागे, मधोमध, धातूच्या पट्टीवर नमद्याचा एक छोटा तुकडा असतो. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद सुटतो. तो तुकडा नसेल तर फीत हेडला दाबून बसत नाही आणि आवाज दबका, मधूनच गायब होणारा येतो. अशा वेळी बरेच जण कॅसेट खराब झाली म्हणून टाकून देतात. खरं तर फीत शाबूत असते. स्क्रूने जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या कॅसेटच्या कवचात ती हलवली की पूर्वीसारखी वाजते.

वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे दात असतात. फितीची उघडी बाजू खाली धरली की समोर दिसणाऱ्या बाजूचा दात डाव्या कोपऱ्यात येतो. दोन्ही मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. खोलीत पाच जण असताना हे हमखास होतं, म्हणून आधीच मोडलेले बरे.

ढिली फीत षट्कोनी पेन्सिलीने ताणून घ्या, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवा. वर्षानुवर्षं न हललेले वेटोळे एकमेकांना चिकटलेले असतात, ते मोकळे होतात आणि ताण सगळीकडे सारखा होतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठच्यापेक्षा पातळ असते, एकशेवीसची त्याहून पातळ. या शेवटच्या प्रकाराला जोरात पुढे-मागे करू नका, ती ताणली जाते आणि एकदा ताणली की सरळ होत नाही.

जोडणीत सर्वांत जास्त चुका होतात. टेपरेकॉर्डरला लाइन-आउट, म्हणजे आवाज बाहेर देणारं भोक, असेल तर तिथून संगणकाच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या भोकात, तार घाला. लॅपटॉपला बहुधा फक्त माइकचं भोक असतं. त्यात घातलं तर आवाज फाटतो आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांची (चॅनेलची) एकच होते. त्याऐवजी लाइन-इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला जोडून आवाज संगणकात घेणारी डबी, घ्या. टेपरेकॉर्डरचं हेडफोनचं भोक मोकळं राहिलं की त्यातून खोलीतल्या स्पीकरला आवाज द्या, म्हणजे मंडळी ऐकताना आवाज कमी-जास्त करू शकतात आणि रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. यंत्राला फक्त हेडफोनचं भोक असेल तर तिथूनच दोन वाटा काढा, आवाजाचं बटण साधारण मध्यावर ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर त्याला कोणी हात लावू नये. खाली सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच ती जाते.

तारेतून उतरवताना खोलीतला आवाज त्यात येत नाही. म्हणून मनमोकळं हसा, बोला, गाणं लागलं की सोबत म्हणा. गप्प बसायची काही गरज नाही.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरेसं आहे आणि फुकट आहे. ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. कमी राहिला तर नंतर वाढवता येतो, शून्याला टेकून फाटला तर परत आणता येत नाही. एक बाजू सलग उतरवा, गाण्यागणिक थांबवू नका. सोळा बिट स्टिरिओला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, चोवीस बिटला दीडपट, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट एक जीबीच्या आतच बसते.

आवाज मंद, घोंगडी पांघरल्यासारखा येत असेल तर हेडचा कोन जुळत नाही असं समजा. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड आणि तुमच्या यंत्राचं हेड किंचित वेगळं कललेलं असतं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग लावलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खुणेने नोंदवून ठेवा, आवाज मोनो, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र, करा आणि स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या एखाद्या मिनिटाएवढा, इकडेतिकडे फिरवा. एका जागी 'स' आणि टाळ्या एकदम उघडतात. तिथेच थांबा. मोनोमध्येच ऐकायचं, कारण कोन चुकला की दोन वाहिन्यांतले वरचे सूर एकमेकांना खोडतात आणि फरक लगेच कळतो. कॅसेट बदलली की पुन्हा तपासा.

दुसरी तक्रार वेगाची. मित्राचा आवाज ओळखू येतो पण बारीक, लगबगीचा वाटतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, पण घरगुती यंत्रं दोन-चार टक्के इकडेतिकडे असायचीच. अर्धा स्वर वर जायला सुमारे ६ टक्के फरक लागतो, म्हणजे ३ टक्क्यांतच पट्टी पाव स्वर सरकते. हे दुरुस्त करायची एक छान खूण आहे. मूळ रेकॉर्डिंग विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलं असेल तर त्यात विजेची अगदी हलकी गुणगुण उतरलेली असते, देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झची. शांत भाग निवडून ऑडॅसिटीत त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे किती हर्ट्झचा आवाज किती मोठा याचा आलेख, काढा आणि त्यातला 'साइझ' ६५५३६ किंवा त्याहून मोठा ठेवा. ५०च्या जागी ५२ला टोक दिसलं तर उतरवलेला आवाज ४ टक्के जास्त वेगाने धावतोय. दुरुस्तीत मात्र उणे ४ लिहू नका. ५० भागिले ५२ म्हणजे ०.९६१५, म्हणून उणे ३.८५. 'पिच' बदलू नका, 'स्पीड' बदला, कारण काळ आणि सूर दोन्ही एकत्र बिघडलेले असतात. टोक नेमकं ५०वरच असेल तर ती गुणगुण बहुधा तुमच्याच तारांची आहे. फीत थांबवूनही ती राहते का बघा.

खरखर काढायचा मोह सगळ्यांना होतो. सहा ते बारा डेसिबलपर्यंत कमी करा, त्यापुढे नको. जास्त काढलं की आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी धातूची झाक येते, आणि खरखरीबरोबर खोलीही निघून जाते. मागे सरकलेली खुर्ची, कोणीतरी "अरे, चालू आहे का?" असं विचारलेलं, गाणं संपल्यावरचं हसू. गाणं दुसरीकडे कुठेही मिळेल, हे मिळणार नाही. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि सफाई तिच्या प्रतीवर करा.

आता त्या संध्याकाळबद्दल. चार ते सहा जण ठीक. त्याहून जास्त झाले की दोन घोळके पडतात. एका बैठकीत एकच कॅसेट घ्या, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन बाजू आणि मधे अर्धा तास गप्पा, असा दीड तास होतो. ज्याच्या फोनला काम आहे तो सोडून बाकी सगळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या एका फोनचं काम ऐकताना चाललेलं बोलणं रेकॉर्ड करणं. "हा कोणाचा आवाज?", "ही सहलीच्या आधीची की नंतरची?" ही माहिती कॅसेटच्या पाठीवर कुठेच लिहिलेली नाही, ती फक्त तुमच्या डोक्यांत आहे. दुसऱ्या दिवशी त्यावरून फाइलला नाव द्या. आधी वर्ष, मग महिना, मग जागा किंवा माणसं, जसं '१९९४-१२ होस्टेल गच्ची'. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नक्की वर्ष माहीत नसेल तर अंदाजाचं लिहून पुढे 'अंदाजे' जोडा.

कॅसेटी संपल्या तरी बैठक मोडू नका. मग प्रत्येकाने एकच गाणं आणायचं, आणि ते का आणलं हे वाजून झाल्यावर सांगायचं. आधी सांगितलं की बाकीचे गाणं न ऐकता तुमची गोष्ट ऐकतात. दूरच्या मित्राला व्हिडिओ कॉलवर घेणार असाल तर संगणकाचा आवाज थेट शेअर करा. माइकपुढे स्पीकर ठेवला तर कॉलचं सॉफ्टवेअर संगीताला गोंगाट समजून कापून टाकतं. आणि कॉलवर एकत्र गाण्याचा हट्ट नको. आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरानेसुद्धा ताल सुटतो, त्याला पाळीने गाऊ द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आज हयात नसलेल्या कोणाचा आवाज एखाद्या फितीत असेल तर त्यांच्या जवळच्या माणसाला आधी विचारा, आणि हवं असल्यास त्यांना आधी एकट्याने ऐकू द्या. भर मैफलीत तो आवाज अचानक लागला तर आनंद देण्याऐवजी आपण त्या माणसाला उघडं पाडतो. तसंच कोणाचं खासगी बोलणं असेल तर ते ग्रुपवर टाकण्याआधी त्याची परवानगी घ्या. तेव्हा विशीत बोललेलं आज सगळ्यांना ऐकवायची त्याची इच्छा असेलच असं नाही.

रोजच्या दिवसांसाठी, त्या लांब फाइलींतून दोन-तीन मिनिटांचे तुकडे कापून ठेवा आणि कधीतरी घरी परतताना ऐका. तोच तुकडा रोज ऐकू नका. रोज ऐकलेल्या गाण्याला रोजचे प्रसंग चिकटत जातात, आणि काही महिन्यांनी ते गच्चीची नाही तर ट्रॅफिकची आठवण द्यायला लागतं.

जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, ठेवा, पाठवायची एमपी३मध्ये, १९२ केबीपीएस किंवा जास्त. तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्याच्या घरी. ही तिसरी प्रत प्रत्येक मित्राला एकेक दिलीत तर आपोआपच होते. मूळ कॅसेटी टाकू नका. पुस्तकासारख्या उभ्या, ओल आणि ऊन यांपासून दूर, स्पीकरपासून निदान हातभर लांब ठेवा. पाच वर्षांनी कोणाकडे तुमच्यापेक्षा चांगलं यंत्र निघालं तर त्याच फितीतून आजच्यापेक्षा स्वच्छ आवाज पुन्हा उतरवता येईल.