मुलीला समजवायचं काम माझ्याकडे देऊ नका

एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी कला शाखेतून ८१ टक्के मिळवून बारावी झाली. तिला वकील व्हायचं आहे, त्याला त्यांची हरकत नाही. पण तिला युद्धात पकडलेल्या कैद्यांचे कायदेशीर हक्क आणि त्यांच्यावर चालणारे लष्करी खटले याच विषयात काम करायचं आहे. ग्वांटानामो या क्युबातल्या अमेरिकी लष्करी तळावर डांबलेल्या कैद्यांबद्दलचे अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे निकाल ती छापून आणून वाचत असते. वडिलांनी ते गठ्ठे कपाटात कुलूपबंद केले आणि बजावलं, की असल्या लोकांचं वकीलपत्र घ्यायचं असेल तर फीचा एक रुपया मिळणार नाही. मला ते लिहितात, "कसाबला वकील देऊन देशाचं काय भलं झालं? तुम्ही तिला समजवा. निदान सैन्याच्या जॅग, म्हणजे कायदा शाखेत किंवा आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये नोकरी लागेल असं काही सुचवा."

सुभेदारसाहेब, तुमच्या मुलीच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. त्या कुलपाची वाटते. अठराच्या आसपासची मुलगी परक्या देशाच्या सुप्रीम कोर्टाचे निकाल आपणहून वाचते, हे मला इतक्या वर्षांत फार थोड्या मुलांमध्ये दिसलं आहे. बहुतेक मुलं मला विचारतात, कशाला 'स्कोप' आहे. तिला विषय सापडला आहे आणि तुम्ही तो कपाटात ठेवला आहे. पैसे तुमचे आहेत, कुठे खर्च करायचे ते तुम्ही ठरवा. पण मुलीनं कोणता कागद वाचायचा हे फीच्या जोरावर ठरवू नका. आणि तिला समजवायचं काम माझ्याकडे देऊ नका, मी ते करणार नाही. तिला काय वाटतं याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. हा विषय तिला का घ्यावासा वाटला, हे तुम्ही तिला विचारलंत का?

तुमच्या पत्रात खदखदतोय तो कसाबचा मुद्दा. म्हणून त्यावरच आधी बोलतो.

तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून त्या माणसाची रायफल सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यानंतर त्याच्यावर नेहमीच्या फौजदारी प्रक्रियेनं खटला चालला. त्याला वकील मिळाला, साक्षीदार तपासले गेले, उलटतपासण्या झाल्या. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयानं फाशी दिली, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. गुन्ह्यापासून फाशीपर्यंत चार वर्षंही लागली नाहीत. याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. म्हणजे एकाला फास आणि दोघांना मोकळीक, एकाच खटल्यात, पुरावा पाहून. वकील दिल्यामुळेच, त्याची बाजू न ऐकता त्याला फासावर चढवलं, असं कुणाला म्हणता येत नाही. देशाचं काय भलं झालं, ते हे.

आता दुसरी बाजू बघा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं परकीय संशयितांसाठी नेहमीची न्यायालयं टाळून लष्करी आयोग, म्हणजे सेनाधिकाऱ्यांची खास न्यायालयं, नेमायचं ठरवलं. जानेवारी २००२ पासून ग्वांटानामोच्या तळावर माणसं आणली गेली, एकूण सुमारे ७८०. त्यातल्या बहुतेकांवर कधी आरोपपत्रच ठेवलं गेलं नाही. हल्ल्याचा मुख्य सूत्रधार म्हणून खालिद शेख महंमद मार्च २००३ मध्ये पकडला गेला. पुढची तीनेक वर्षं तो सीआयएच्या गुप्त कोठड्यांत होता, तिथे त्याच्यावर पाण्याचा छळ (तोंडावर पाणी ओतून गुदमरवणं) १८३ वेळा झाल्याची सरकारी नोंद आहे. परिणाम असा, की वीस वर्षं उलटली तरी त्या छळानंतरचे जबाब पुरावा म्हणून चालतील का यावरच वकील भांडत राहिले. हल्ल्यात माणसं गमावलेली तीन हजारांच्या आसपास कुटुंबं निकालाची वाट पाहत म्हातारी झाली. हक्क नाकारले म्हणून शिक्षा लवकर होते, हा समज मनातून काढून टाका.

तुम्ही फौजी आहात म्हणून आणखी एक गोष्ट. तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या, म्हणजे १९४९ च्या युद्धकैद्यांबद्दलच्या कराराच्या शेवटी एका छोट्या कार्डाचा नमुना जोडला आहे. छावणीत पोचल्यावर फार तर आठवड्याच्या आत कैद्याला ते भरू द्यायचं असतं. त्यावर नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता, आणि मग प्रकृती: ठणठणीत, आजारी, किरकोळ जखमी, गंभीर जखमी. हे कार्ड घरी पोचलं की आईला कळतं, मुलगा जिवंत आहे. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या जवानांच्या घरी असं काही पोचलं नाही, आणि ती घरं पन्नास वर्षं दारोदार फिरत आहेत. त्याच युद्धानंतर आपण सुमारे ९३ हजार कैदी करारानुसार सांभाळले आणि १९७४ पर्यंत परत पाठवले. शत्रूच्या माणसाला लागू होणारा नियम आपल्या माणसालाही लागू होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले, तेव्हा आपण सगळे याच कराराचं नाव घेत होतो. त्यांनी नाव आणि सर्व्हिस नंबर सांगितला आणि पुढच्या काही प्रश्नांना नकार दिला. तो नकार देण्याचा हक्क करारातल्या सतराव्या कलमात आहे. तुमची मुलगी हेच वाचते आहे.

आता तुमच्या दोन सूचना. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचा या विषयाशी काही संबंध नाही. २००७ च्या कायद्यानं झालेलं ते न्यायाधिकरण आपल्याच सैनिकांच्या पेन्शन, बढती, नियुक्ती यांसारख्या तक्रारी आणि कोर्ट मार्शलविरुद्धची अपिलं ऐकतं. तिथे शत्रूचा कैदी उभा राहत नाही. तिथले सदस्य निवृत्त न्यायाधीश आणि वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले सेनाधिकारी असतात, पदवी घेतली आणि नोकरीला लागलो असं ते ठिकाण नाही.

जॅग शाखा मात्र चांगला रस्ता आहे: कायद्याची पदवी किमान ५५ टक्क्यांनी, वय २१ ते २७, क्लॅट पीजी या कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत. मुलींना प्रवेश आहे. पण "तिथे गेली की आपल्याच बाजूनं राहील" या भरवशावर तुम्ही ते सुचवत असाल, तर चार्ल्स स्विफ्ट यांची गोष्ट ऐका. ते अमेरिकी नौदलाचे जॅग अधिकारी. ग्वांटानामोतला कैदी सलीम हमदान, बिन लादेनचा ड्रायव्हर, याच्यासाठी त्यांना नेमलं ते गुन्हा कबूल करून घेण्याच्या बोलीवर. स्विफ्ट यांनी हमदानला सांगितलं, की तुला दावा लावायचाही मार्ग आहे. नील कात्याल या भारतीय वंशाच्या प्राध्यापकाच्या साथीनं ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून २००६ मध्ये कोर्टानं ते लष्करी आयोगच बेकायदा ठरवले. गणवेशातल्या माणसानं सेनापती असलेल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध खटला जिंकला. त्यानंतर लगेच स्विफ्ट यांना बढती नाकारली गेली आणि ते निवृत्त झाले. पुढे हमदानला लष्करी ज्यूरीनं साडेपाच वर्षांची शिक्षा दिली, आधीचा तुरुंगवास त्यातून वजा होऊन तो काही महिन्यांत येमेनला गेला, आणि २०१२ मध्ये अपिलात दोषसिद्धीही रद्द झाली. जॅगचा चांगला अधिकारी होणं म्हणजे काय, हे या प्रकरणातून तुम्हाला दिसेल. मुलगी जॅगमध्ये गेली तर तिनं असंच असावं, असं मला वाटतं.

आता मुलीसाठी चार ओळी, तिला वाचून दाखवा. बाळ, ग्वांटानामोत जाऊन वकिली करीन हे मनात असेल तर सोड. त्या आयोगांपुढे आरोपीचा खासगी वकील व्हायला अमेरिकी नागरिकत्व लागतं. आणि 'युद्धकैद्यांची वकील' अशी आपल्याकडे नोकरी नाही. आधी उत्तम फौजदारी वकील हो. पुरावा कायदा, अटकेची प्रक्रिया, हेबिअस कॉर्पस (बेकायदा कैदेविरुद्धचा अर्ज) हे हातात असल्याशिवाय जिनिव्हा कराराचं ज्ञान नुसतं वादस्पर्धेपुरतं राहतं. सत्र न्यायालयात विधी साहाय्याची प्रकरणं घे, ज्याची कुणाला दया येत नाही असा आरोपी घे, आणि मग तपासून बघ की हे काम तुला झेपतं का. नुसत्या करुणेवर ते फार दिवस चालत नाही. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, हेगची न्यायालयं, विद्यापीठातलं अध्यापन हे सगळं त्यानंतर. फ्रेंच आत्तापासून शिक, रेड क्रॉसमध्ये तिचा उपयोग होतो. कॉलेजात गेल्यावर हेन्री ड्युनांट मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याच्या स्पर्धेत उतर. आणि अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे हे निकाल क्रमानं वाच: १८६६ चा मिलिगन, १९४२ चा क्विरिन, मग हमदान, मग २००८ चा बूमेदिएन. नागरी न्यायालयं चालू असताना नागरिकावर लष्करी खटला नको म्हणणारं कोर्ट युद्धाच्या भीतीत कसं झुकतं आणि परत कसं सावरतं, ते तुला त्यात दिसेल.

प्रवेशाचं म्हणाल तर पाच वर्षांचा बीए एलएलबी, त्यासाठी क्लॅट किंवा एमएच-सीईटी लॉ ही प्रवेशपरीक्षा. तारखा संकेतस्थळावर आहेत.

सुभेदारसाहेब, ते गठ्ठे तिला परत द्या. त्यातला हमदानचा निकाल तिच्याकडून समजून घ्या, एखादी संध्याकाळ त्यासाठी काढा, आणि तुमचे आक्षेप तिथे तिच्यासमोर मांडा. तुमच्यासारखा फौजी समोर बसून प्रश्न विचारेल, असा सराव तिला कुठल्याच क्लासमध्ये मिळणार नाही. त्यानंतर तिला काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे.