मयताच्या सामानाचं दुकान आणि तुमचे प्रश्न

(आमचे हे स्तंभलेखक तालुक्याच्या गावात अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आणि शववाहिका चालवतात, गावातल्या बेवारस मयतांचंही तेच बघतात. वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना त्यांनी दिलेली ही उत्तरं.)

तुम्ही सामानाचे पैसे घेता आणि वर लोक तुम्हाला समाजसेवक म्हणतात. हे कसं काय? – एक वाचक, बार्शी

बरं झालं विचारलंत, तोंडावर कोणी विचारत नाही, मागं बोलतात. हो, पैसे घेतो. बांबू विकत येतो, मडकं कुंभाराकडनं येतं, गाडीला डिझेल लागतं, ड्रायव्हर रात्री दोनला फोन उचलतो त्यालाही घर आहे. दर दुकानाबाहेर बोर्डावर लिहिलेत, गळ्यात चेन असलेल्याला वेगळा आणि हातावर पोट असलेल्याला वेगळा असला प्रकार नाही. फक्त ज्याच्याकडं नाही त्याला मी मागत नाही आणि उधारीची वही ठेवत नाही, कारण मयताची उधारी मागायला कुठल्या तोंडानं जायचं? बरेचसे लोक तेराव्यानंतर आपणहून आणून देतात. काही देत नाहीत, त्यांचंही चालतं.

समाजसेवक वगैरे सत्काराच्या शालीवाले म्हणतात. मला विचाराल तर सामान विकणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम, खरं काम म्हणजे धावपळ. हॉस्पिटलातनं बॉडी कोण आणणार, मुलगी बेंगळुरूहून येईस्तोवर शवपेटी ठेवायची का बर्फावर भागेल, भटजी सांगायचे का जंगम का मौलाना, पत्रिका कोण छापणार, पाणी कोण तापवणार. घरातला कर्ता माणूस तर खुर्चीत बसून नुसता भिंतीकडं बघत असतो. पूर्वी हे सगळं भावकी आणि गल्ली करायची, आता गल्ली दारात उभी राहते आणि मोबाईल बघते, म्हणून माझ्यासारख्याचा नंबर लोकांनी सेव्ह करून ठेवलाय.

आमच्या कॉलनीत तिरडी बांधता येणारं कोणी उरलं नाही. तयार मिळते का? – एक वाचक, विटा

मिळते, मीच विकतो, स्टीलचं स्ट्रेचरही गाडीत असतं. पण माझं ऐकाल तर कॉलनीतल्या चार पोरांनी शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे, माझा धंदा थोडा बुडाला तर बुडू दे.

हिरवे बांबू दोन घ्या, माणसाच्या उंचीपेक्षा हात-दीड हात जास्त लांब. वाळलेला नको, खांद्यावर घेतला की कडकन चिरतो. तिसरा बांबू उभा फोडून त्याच्या कामट्या करायच्या आणि त्या आडव्या टाकायच्या. नवखा माणूस काय करतो, कामट्या सारख्या अंतरावर बांधतो, दिसायला छान, पण वजन सगळं खांदे आणि कमरेवर येतं, तर तिथं कामट्या जवळजवळ घ्यायच्या आणि पायाकडं विरळ चालतात. सुतळी दुहेरी, फुलीच्या वेढ्यानं, आणि गाठ खालच्या बाजूला, वर आली तर उचलणाऱ्याच्या हाताला लागते. सुतळी आधी पाण्यात भिजवून घ्या, मग ती घसरत नाही. वर कडबा किंवा पेंढा, त्याच्यावर पांढरं कापड. बांधून झाली की एकानं त्यावर झोपून बघायचं. याला कोणी तयार होत नाही, अशुभ म्हणतात, म्हणून मी माझ्या हातानं दाब देऊन बघतो, तेवढ्यानंही कळतं.

आणखी एक, खांदेकरी उंचीप्रमाणं लावा. सहा फुटी जावई पुढं आणि बुटके काका मागं असं झालं की सगळा भार काकांवर जातो. नात्याचा मान वाटेतल्या विसाव्यानंतर खांदे बदलताना देता येतो. मी हे मोठ्यानं ओरडून सांगतो, लोकांना राग येतो, येऊ दे.

आई घरीच वार्धक्यानं गेली. डॉक्टर म्हणतात दाखला देत नाही, स्मशानात म्हणतात दाखल्याशिवाय नोंद नाही. करायचं काय? – एक वाचक, माण तालुका

सगळ्यात जास्त फोन मला याचेच येतात. आई ज्यांच्या उपचाराखाली होती त्या डॉक्टरांकडं जा, जुनी चिठ्ठी-फाईल घेऊन जा. दवाखान्याबाहेरच्या मृत्यूसाठी कारणाच्या दाखल्याचा वेगळा नमुना असतो, ४-अ, आणि शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरनं तो द्यायचा असतो, त्याची फी घ्यायची नाही असं कायद्यातच आहे. कधीच न बघितलेला डॉक्टर नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, त्याची सहीच अडकते. असं झालं तर सरकारी दवाखान्यात जा. पडून, भाजून, विष पोटात जाऊन, साप चावून असं काहीही असेल तर मात्र आधी पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टम, मगच पुढचं. "घरातल्या घरात मिटवू" म्हणणारा एक तरी नातेवाईक असतोच, त्याला बाजूला बसवून चहा पाजा.

मग नोंद. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, मृत्यू २१ दिवसांत कळवायचा. तीस दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क, पुढं वर्षापर्यंत लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, म्हणजे चपला झिजल्या. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते, राहायला होते तिथं नाही. आजोबा पुण्याच्या हॉस्पिटलात गेले असतील तर ग्रामसेवकाच्या मागं लागून उपयोग नाही, पुण्यातच नोंद. नावाचं स्पेलिंग आधार कार्ड समोर धरून लिहा, बँक, सातबारा, पेन्शन सगळं त्या एका अक्षरावर अडतं. प्रती जास्त काढा. आणि काही लोक आजाराचं नाव दाखल्यावर येईल म्हणून घाबरतात, तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापत नाहीत, निर्धास्त राहा.

आमच्या वाडीत स्मशानशेड नाही, पावसात फार हाल होतात. काही उपाय? – एक वाचक, पाटण तालुका

हाल माहीत आहेत, चिता पेटलेली आणि चार जण वरती पत्रा धरून उभे, धूर डोळ्यात, हे मी बघितलंय. शेडचा ठराव ग्रामसभेत घ्या आणि तो उन्हाळ्यातच घ्या, पावसात घेतलेला ठराव पुढच्या पावसापर्यंत फाईलीत भिजतो. तोवर गावानं एक काम करावं, सुकं जळण साठवून ठेवावं. एका मयताला साधारण तीनशे-साडेतीनशे किलो लाकूड लागतं आणि ओलं असलं तर दुप्पट घालूनही नीट पेटत नाही, मग लोक रॉकेल आणि गाडीचे टायर घालतात. टायर घालू नका हो. तो वास आणि काळा धूर घेऊन घरच्यांनी घरी जायचं का?

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. तिथं पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि लाकडाबरोबर शेणी, म्हणजे गोवऱ्या, वापरतात. होळीच्या वेळी लोक, तालमी, मंडळं शेणी दान देतात, ट्रॉल्या भरून येतात. शेणी मंद पण टिकून जळते. तुमच्या वाडीत गुरं आहेतच, प्रत्येक घरानं होळीला पाच-पंचवीस शेणी बाजूला काढल्या आणि शाळेच्या जुन्या खोलीत रचून ठेवल्या तर पावसाळा निघतो. सरण रचताना मधून हवा जायला जागा ठेवा, गच्च रचलेलं सरण वरनं जळतं आणि मध्ये कच्चं राहतं.

बेवारस मयताचा धर्म माहीत नसतो, मग तुम्ही काय करता? – एक वाचक, मिरज

पोलीस आधी फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा यांची नोंद करतात, ओळख पटायला काही दिवस थांबतात, मगच आमच्याकडं देतात. अंगावर खूण सापडली तर त्या धर्माप्रमाणं. नाही सापडली तर बऱ्याचदा दफन, कारण उद्या घरचे शोधत आले तर काहीतरी हाती लागावं, जाळल्यावर काय राहणार? जागेवर नंबरचा दगड लावतो, तोच नंबर पोलीस ठाण्याच्या कागदावर असतो. फुलं असतात, नवं कापड असतं, माझा ड्रायव्हर शेवटी पाणी घालतो. भाषण नाही, फोटो तर मुळीच नाही. काही उत्साही मंडळी बेवारस मयताशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात, त्यांना मी गाडीजवळ येऊ देत नाही.

अयोध्येचे मोहम्मद शरीफ, ज्यांना सगळे शरीफ चाचा म्हणतात, सायकल दुरुस्तीचं काम करायचे. १९९२ साली त्यांचा मुलगा मारला गेला आणि त्याचे अंत्यसंस्कार बेवारस म्हणून झाले, तेव्हापासून त्यांनी हे काम धरलं, हिंदू असेल तर अग्नी, मुसलमान असेल तर दफन. २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. मी त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, पण कधी कंटाळा आला तर त्यांची आठवण काढतो.

वडील अमेरिकेत आमच्याकडं असताना गेले. इथल्या छोट्या गावातल्या फ्युनरल होमनं सगळं फार आपुलकीनं केलं, पण अस्थी एकदम पावडरसारख्या मिळाल्या. त्या बाबांच्याच असतील ना? – एक वाचक, ओहायो

असणार, काळजी करू नका. तिकडं भट्टीत दोन-तीन तासांत दहन होतं, मागं हाडं उरतात ती थंड करून यंत्रात दळतात आणि मग पिशवीत देतात, म्हणून आपल्यासारखं सावडायला काही मिळत नाही. बॉडीबरोबर नंबरचा धातूचा बिल्ला भट्टीत जातो आणि राखेबरोबर परत येतो, तुमच्या डब्यात बघा, बहुतेक असेल. पेसमेकर होता का असंही त्यांनी विचारलं असेल, कारण तो उष्णतेनं फुटतो. आपल्याकडं कोणी विचारत नाही, म्हणून इथल्या वाचकांनीही लक्षात ठेवा, डॉक्टरला सांगून आधी काढून घ्या. भारतात आणायच्या असतील तर मृत्यूचा दाखला आणि दहनाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा, धातूचा कलश नको, एक्स-रेतून दिसत नाही, लाकडी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या.

तिकडच्या या लोकांबद्दल मला कौतुक आहे. बरीच दुकानं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात, सुरुवात कित्येकांची सुतारकीतनं, फर्निचर करता करता पेट्या करायला लागले. १९७० च्या आसपासपर्यंत बऱ्याच छोट्या गावांत ॲम्ब्युलन्सही हेच लोक चालवायचे, त्याच गाडीनं जिवंत माणूस दवाखान्यात आणि मेलेला स्मशानात. आमच्याकडं अजून तसंच आहे, मध्यरात्री अडलेल्या बाईला नेण्यासाठी माझ्या शववाहिकेला फोन आलाय आणि आम्ही गेलोय, बाळबाळंतीण सुखरूप. तिकडं १९८४ पासून नियम आहे की दरपत्रक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि फोनवर विचारलं तरी भाव सांगायचा. हा नियम आपल्याकडं आला तर मोठ्या शहरातल्या काही एजंटांची पंचाईत होईल.

मुलीनं अग्नी दिला तर चालतो का? – एक वाचक, इचलकरंजी

चालतो. मडकं धरायला मुलीच्या हातात ताकद असते, मी बघितलंय.

पंचकात मृत्यू झाला तर घरातले आणखी पाच जण जातात हे खरं का? – एक वाचक, पंढरपूर

नाही. दर महिन्याला पंचक येतं, तसं असतं तर आमचा तालुका कधीच ओस पडला असता. घरच्यांच्या मनाला बरं वाटत असेल तर पिठाच्या बाहुल्या ठेवा, पण त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर त्याला माझ्याकडं पाठवा.

पुढच्या अंकासाठी नेत्रदानाचे बरेच प्रश्न आलेत, त्यांना सविस्तर उत्तर देतो. तोवर एवढं करून ठेवा, डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात, त्यामुळं जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच फ्रीजवर चिकटवा आणि मृत्यूनंतर खोलीतला पंखा बंद ठेवून पापण्यांवर ओला कापूस ठेवा.