शंका-समाधान : इंग्रजी शब्द पाठ आहेत, तोंडात येत नाहीत

मागच्या अंकात म्हटलं होतं की इंग्रजी शब्दसंग्रहाबद्दल काही अडत असेल तर लिहून पाठवा. पत्रं वाचल्यावर कळलं की निम्म्या लोकांचं दुखणं एकच आहे, त्यामुळे आधी तेच घेते.

प्रश्न : परीक्षेसाठी अवघड शब्दांची यादी आणलीय, रोज ३० शब्द पाठ करतो. चार महिने झाले, वहीत साडेतीन हजारांच्या आसपास शब्द आहेत, पण बोलायला उभं राहिलं की तेच गुड, बॅड, व्हेरी नाइस. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : आधी तुमच्या चिकाटीला नमस्कार, माझ्याच्याने चार दिवस झालं नसतं. पण तुम्ही पाठ केल्यात त्या जोड्या, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ, आणि बोलताना आपल्याला जोड्या लावा कुणीच विचारत नाही.

आपल्या मराठीतच बघा ना. पिवळा म्हटलं की धमक, हिरवा म्हटलं की गार, काळा की कुट्ट, पांढरा की शुभ्र. आता अर्थाने बघायला गेलं तर 'पिवळागार'मध्ये चूक काय दाखवणार, पण असं बोलणारा माणूस मराठी नवीन शिकलाय हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. आपण निर्णय घेतो आणि चूक करतो, उलट का नाही, तर नाही, बस. इंग्रजीचंही असंच आहे, पाऊस हेवी असतो, चहा स्ट्राँग असतो, आणि चहाला पॉवरफुल म्हटलंत तर समोरच्याला कळेल सगळं पण तो क्षणभर अडखळेल. याला कॉलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५७ सालीच लिहून ठेवलंय की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. माणसासारखंच की!

तर वही बदला. माझ्या वहीतलं 'मिटिगेट'चं पान सांगते. 'कमी करणे' एवढंच लिहिलं असतं तर मी उद्या पगार मिटिगेट केला असता, वजन मिटिगेट केलं असतं. त्याऐवजी लिहिलंय की हा शब्द वाईट गोष्टीची तीव्रता कमी करायला वापरतात, आणि खाली त्याचे सोबती : रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट. कोर्टात शिक्षा सौम्य व्हावी म्हणून जी कारणं सांगतात ती मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस. मूळ लॅटिन शब्द 'मऊ' अशा अर्थाचा. मग एक वाक्य माझ्या स्वतःच्या कामातलं, पुस्तकातलं नाही. आणि सगळ्यात खाली लाल पेनाने : 'मिटिगेट अगेन्स्ट' म्हणायचं नाही, तो 'मिलिटेट अगेन्स्ट', हा वेगळाच प्राणी. एका शब्दाला दहा मिनिटं गेली, पण तो शब्द आता माझा आहे.

असे दिवसाला ३० होणार नाहीत. पाच करा. आणि उजळणी लांबवत न्या, आज, उद्या, चार दिवसांनी, दोन आठवड्यांनी. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं आणि मग गळती मंदावते, म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ आणि पुढच्या लांब. फक्त उजळणी म्हणजे पान वाचणं नव्हे हां. अर्थ झाकायचा, आठवून बघायचं, डोकं खाजवायचं, आणि मगच झाकलेलं उघडायचं. वाचताना आपल्याला सगळं येतंय असंच वाटत असतं, तिथेच फसगत होते.

प्रश्न : ॲडव्हान्स्ड म्हणजे नक्की किती शब्द? कुणी ५,००० म्हणतं, कुणी २०,०००.

उत्तर : मोजणारा काय मोजतो त्यावर आहे. कनेक्ट, कनेक्शन, डिसकनेक्ट हे तीन शब्द की एक? अभ्यासक मंडळी याला एक वर्ड फॅमिली धरतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला की कादंबरी किंवा पेपर वाचताना शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवे असतील तर ८,००० ते ९,००० फॅमिली लागतात, आणि बोललेलं समजायला ६,००० ते ७,०००. आकडा ऐकून घाबरू नका, यातल्या बऱ्याच तुमच्याकडे आधीच असतील. कॉलेजच्या अभ्यासासाठी लागणारे शब्द हवे असतील तर भाषेच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेली ५७० फॅमिलींची अकॅडेमिक यादी बघा, अभ्यासाच्या मजकुरातले दहा टक्के शब्द तिच्यातले निघतात. दुर्मिळ शब्दांच्या मागे लागण्याआधी ही यादी झालेली बरी.

प्रश्न : क्लासमध्ये लॅटिन-ग्रीक रूट्स शिकवतात. एका रूटवरून दहा शब्द येतात म्हणे. खरंय का?

उत्तर : खरंय, स्पेक्ट म्हणजे बघणं, त्यावरून इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रेट्रोस्पेक्ट. लक्षात ठेवायला झकास. पण अर्थ ओळखायला वापरलंत तर कधीतरी तोंडावर पडाल. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर हे सगळे पायाचे, मग पेडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर? नाही, तो ग्रीकमधल्या 'मूल' अशा अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणून मुलांचा डॉक्टर. आणि 'इन' लागलं की उलटा अर्थ असं धरून इन्फ्लेमेबल लिहिलेल्या डब्याजवळ काडी ओढू नका. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही ज्वालाग्राहीच.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये भारी शब्द टाकले तर इंप्रेशन पडतं का? मी थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडून साधे शब्द बदलते.

उत्तर : अगं बाई, हे मीही केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सिनियर बाईंच्या निरोप समारंभात मला इंग्रजीत बोलायचं होतं, 'भरभरून कौतुक' म्हणायला मी 'फुलसम प्रेझ' हा शब्द शोधून काढला आणि मोठ्या झोकात म्हटला. फुलसमचा रूढ अर्थ तोंडदेखली, अति गोड स्तुती. बाई हसल्या, पण कशाला हसल्या ते मला दोन वर्षांनी कळलं!

थिसॉरस वाईट नाही, तो विसरलेला शब्द आठवायला आहे. अनोळखी शब्द त्यातून उचलायचा नाही, कारण तिथे सगळे एका ओळीत बसलेले असतात आणि कोण कुठल्या घरचा ते सांगत नाहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि तिथे राजदरबारात फ्रेंच आली, विद्वानांत लॅटिन होतीच, त्यामुळे इंग्रजीत एकेका गोष्टीला तीनतीन शब्द झाले. आस्क घरगुती, क्वेश्चन जरा औपचारिक, इंटरॉगेट म्हणजे पोलीस खोदून विचारतात ते. आपल्याकडे घर, गृह, सदन आहे तसंच. मैत्रिणीला 'उद्या माझ्या सदनी ये' म्हणाल का? मग 'आय इंटरॉगेटेड द क्लायंट' पण नको.

आणि इंप्रेशनचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपेनहायमर यांचा २००६ चा शोधनिबंध याच विषयावर आहे. गरज नसताना अवघड शब्द घुसडले की वाचणाऱ्याला लिहिणारा कमी हुशार वाटतो, असं त्यात दिसलं. उगाच सजवलेलं वाचताना आपल्यालाही तसंच वाटतं की.

प्रश्न : वय ५२. आता काही उपयोग?

उत्तर : आहे. पाठांतराचा वेग कमी होतो, पण शब्दसंग्रह उतारवयातही वाढत राहतो. तुम्हाला ज्याची आवड आहे त्याच विषयावरचं इंग्रजी वाचा, तेच शब्द पुन्हापुन्हा भेटतील आणि पाठ करायची गरजच कमी पडेल.

प्रश्न : मुलगी ओरडते की मराठी अर्थ लिहू नकोस, इंग्लिश-टू-इंग्लिशच बघ. तिचं बरोबर का?

उत्तर : अर्धं. मिटिगेटसारख्या शब्दाला इंग्लिश-टू-इंग्लिशच बरी, त्यातही लर्नर्स डिक्शनरी घ्या, त्यात अर्थ सोप्या शब्दांत असतात आणि वाक्यं तयार मिळतात. पण वस्तू, झाडं, प्राणी यांना सरळ मराठी लिहा. मुंगुसासाठी चार ओळींची व्याख्या कशाला वाचायची, इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या मुंगुसावरूनच तर गेलाय, हे मुलीलाही सांगा.